गाव नमुना नंबर बावीस

तलाठ्याच्या दप्तरात गावाचे एकवीस नमुने असतात. सातवा नमुना जमीन कुणाची ते सांगतो, बारावा तिच्यात काय पेरलंय ते सांगतो, आणि ह्या दोघांची सोयरीक होऊन सातबारा जन्माला येतो. बाविसावा नमुना आमच्या माळवदावर बसतो, असं आमचे तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तो बाविसावा म्हणजे मी.

माळवदावर बसण्यामागं काही तत्त्वज्ञान नाही; खाली रेंज नाही. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये पंधरा दिवसांसाठी म्हणून पुण्याहून तामलवाडीला आलो, ते पंधरा दिवस अजून चाललेत. सोलापूरहून तुळजापूरच्या रस्त्याला लागलं, की धाराशिव जिल्ह्यात शिरल्या शिरल्या आमचं गाव येतं. जाणाऱ्यांना गाव दिसत नाही, टोलनाका दिसतो. गाडीच्या काचेवरची पट्टी वरचं यंत्र वाचतं, पटली तर दांडी उचलतं, नाही पटली तर उचलत नाही. "दर्शनाला चाललात का, मग परडीचं सामान घेतलं का?" असं ते यंत्र विचारत नाही. ते विचारायला पलीकडं चहाची टपरी आहे. ह्या दोन संस्थांच्या मधल्या जागेत माझं पोट भरतं, ते कसं ते सांगतो.

एकदा तात्या जिना चढून वर आले.

"काय करायलास रे?"

"एडिटरला स्कीमा लावायलोय."

"कुणाला काय लागलंय?"

मग मी पहिल्यापासून सुरुवात केली. आमच्या कंपनीची गिऱ्हाइकं आपापल्या दुकानाची, गोदामाची माहिती ब्राउझरमधल्या एका चौकोनात लिहितात. लिहायची पद्धत जेसन. डग्लस क्रॉकफर्ड नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी ह्या शतकाच्या सुरुवातीला ती लोकांपुढं ठेवली. महिरपी कंस, अवतरणचिन्हं, स्वल्पविराम, संपलं. दिसायला साधी, पण भलती मानी. यादीच्या शेवटी एक स्वल्पविराम जास्त पडला, की मांडवातल्या जावयासारखी रुसते. आमचा तो चौकोन म्हणजे नुसती कोरी पाटी होती. काहीही लिहा, गप्प राहायची. सगळं लिहून 'जतन करा' दाबलं की मग रुसवा बाहेर यायचा. आता साहेबांचं फर्मान निघालं होतं, की माणूस लिहीत असतानाच चुकीखाली तांबडी नागमोडी रेघ उमटली पाहिजे, आणि पुढं काय लिहायचं तेही सुचवलं पाहिजे. त्यासाठी स्कीमा लागतो. कुठले रकाने भरलेच पाहिजेत, कुठल्यात आकडा हवा, कुठल्यात अक्षरं, कुठल्यात ठरलेल्या यादीतलंच नाव, हे सगळं त्यात आधी लिहून ठेवायचं.

"म्हंजे नमुना की," तात्या म्हणाले. "मग सरळ सांग की, नमुना बनवायलोय म्हणून."

चार वर्षं इंजिनिअरिंग आणि आठ वर्षं नोकरी झाली. स्कीमाचं एवढं नेटकं भाषांतर मला कुणी करून दिलं नव्हतं. त्याच दिवशी माझा नंबर बाविसावा लागला.

जगात दोन घराणी आहेत. पहिलं घराणं चूक दाखवणाऱ्यांचं. मागं एकदा मी एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो. कुठलं कार्यालय ते विचारू नका, मला तिथं अजून जायचंय. खिडकीतल्या साहेबांनी अर्ज चाळला आणि वरच्या कोपऱ्यात तांबड्या शाईनं लिहिलं : 'त्रुटी'.

"कसली त्रुटी?"

"त्रुटी आहे."

बऱ्याच विनवणीनंतर कळलं, की एका ठिकाणी सही राहिलीय. सही केली, आठवड्यानं गेलो. पुन्हा 'त्रुटी'. आता फोटो तिरका होता. फोटो सरळ केला, तर झेरॉक्सवर सही नव्हती. सगळ्या त्रुटी पहिल्याच दिवशी दिसत असणार, पण ते एका वेळी एकच देत होते, रतीब लावल्यासारखी. मला राग यायला हवा होता, पण व्यवसायबंधू भेटल्याचा आनंद झाला. ब्राउझरचा स्वतःचा जेसन वाचणारा अगदी असाच वागतो. पहिली चूक दिसली की तिथंच थांबतो आणि म्हणतो, 'अनपेक्षित चिन्ह, जागा क्रमांक २१४'. आता दोनशे चौदावं अक्षर कुठलं, ते माणसानं बोट ठेवून मोजत बसायचं. ते सापडलं, दुरुस्त केलं, की हा पुढं सरकतो आणि तीनशे सातव्या अक्षराशी पुन्हा अडतो.

दुसरं घराणं सुचवणाऱ्यांचं. त्यांचं मुख्यालय आमच्या टपरीवर. तिथं मी कधीही वाक्य पूर्ण केलेलं नाही. "उद्या जरा सोलापूरला..." एवढं म्हणायचा अवकाश, समोर यादी उघडते.

"दवाखान्यात?"

"पोरगी बघायला?"

"नोकरी गेली काय?"

एडिटरमध्ये सुचवण्यांची यादी लावताना, टाइप केलेल्या अक्षरांशी सगळ्यांत जवळचं नाव वर ठेवतात. टपरीवर सगळ्यांत चटकदार नाव वर असतं. शिवाय तुम्ही काहीच निवडलं नाही, तरी संध्याकाळपर्यंत पहिलं नाव आपोआप निवडलं जातं आणि रात्री आई विचारते, "डॉक्टर काय म्हणाले?"

पहिलं घराणं तपासतं, पण सुचवत नाही. दुसरं सुचवतं, पण तपासत नाही. आणि स्कीमाची खरी गंमत अशी, की दोन्ही कामं तो एकाच चोपडीतून करतो. 'ह्या रकान्यात रोख, उधार किंवा ऑनलाइन, ह्या तिन्हीपैकी एकच चालेल' असं चोपडीत एकदा लिहून ठेवलं, की तेच वाक्य चुकलेल्याला अडवतं आणि न चुकलेल्याला हात देतं. जो रागावतो त्यालाच बरोबर काय ते ठाऊक असतं. त्यानं ते चुकायच्या आधी सांगायचं, एवढाच काय तो प्रश्न. माझ्या माहितीत हे दोन्ही धर्म सांभाळणारी एकच व्यक्ती आहे, ती म्हणजे आई. "भाकरी जळायलीय" आणि "चिमटा फळीवर हाय" ही दोन वाक्यं ती एका दमात बोलते.

मराठी माणसाला हे नवं वाटायचं कारण नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, ह्याच्या नावावर तेराव्या शतकातलं 'मेस्तक' सांगतात. कुणाला पत्र लिहिताना कुठला मायना, कुठल्या दर्जाला कुठलं विशेषण, ह्याचे नियम त्यात बांधून दिले. म्हणजे पत्राचा स्कीमाच. पुढं मराठी माणूस 'सा. न. वि. वि.' एवढीच चार अक्षरं लिहू लागला आणि साष्टांग नमस्कार वाचणाऱ्यानं मनातल्या मनात घालून घेतला. आज चार अक्षरं टाइप करून पूर्ण ओळ उमटवून देण्याला आम्ही 'स्निपेट' म्हणतो आणि त्याचा पगार घेतो.

असो. कामाला लागलो. ब्राउझरमध्ये बसवायला तयार एडिटर मिळतात. मोनॅको हा मायक्रोसॉफ्टचा. त्यांच्या व्हीएस कोडच्या पोटात आहे तोच, २०१६ साली त्यांनी तो वेगळा काढून सगळ्यांना दिला. जेसनचा स्कीमा त्याला उपजतच कळतो. नुसता हातात द्यायचा, बाकीचं तो बघतो. पण ऐवज मोठा. बिऱ्हाड घेऊन ट्रक यावा तसा येतो, आणि आमच्या माळवदावर तो उतरेपर्यंत खाली चहा उकळून, पिऊन, कपबशा विसळून होतात. दुसरा कोडमिरर. मराइन हावरबेके नावाच्या एका डच माणसानं २००७ साली तो लिहायला घेतला आणि २०२२ला सहावी आवृत्ती आणताना पाया उकरून पुन्हा बांधला. त्यात काहीच फुकट येत नाही. ओळींचे आकडे वेगळे आणायचे, चूक दाखवणारा वेगळा, सुचवणारा वेगळा. तयार मसाल्याची पुडी नव्हे. धने, खोबरं, तीळ आणून आपण कुटायचं. मी कोडमिरर घेतला. तत्त्व म्हणून नाही, रेंज म्हणून.

पहिल्या दिवशीच पेच पडला. माणूस लिहीत असताना मजकूर कायमच चुकीचा असतो. उघडलेला कंस मिटेपर्यंत चूक, सुरू केलेलं अवतरण संपेपर्यंत चूक. माझ्या पहिल्या आवृत्तीत एक अक्षर दाबलं, की अख्खं पान तांबडं व्हायचं. पुण्याच्या सहकाऱ्यानं कळवलं, "पाठीमागं छडी घेऊन मास्तर उभे आहेत असं वाटतं." मला त्यात वावगं दिसेना, कारण मी ह्याच घरात वाढलो. मी "आई, मी जरा..." म्हणतो, तेवढ्यात "कुठं जायचं न्हाई" असं उत्तर आलेलं असतं. कोडमिररमध्ये मात्र सभ्यपणाची सोय आहे. चूक तपासणारा, लिहिणाऱ्याचा हात थांबल्यावर पाऊण सेकंद वाट बघतो, ७५० मिलीसेकंद. मी हे आईला सांगून बघितलं. तिनं पूर्ण ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

नमुन्यात काय काय घालता येतं, ते मी घरातल्याच एका कागदावरून शिकलो. माझा बायोडाटा. तो आईनं केलाय. काही रकाने सक्तीचे : कुलदैवत, देवक, मामाचं गाव. हे नसेल तर पुढचं कुणी वाचत नाही. कुलदैवताला आमच्या भागात आधीच भरून ठेवलेलं उत्तर आहे, तुळजाभवानी. देवकाची तपासणी तर कुठल्याही संगणकापेक्षा जुनी. दोन्हीकडचं देवक एक निघालं, की स्थळ तिथंच बाद. निरोप नाही, दोनशे चौदावं अक्षर नाही, काही नाही. 'छंद' ह्या रकान्यात यादीतलंच निवडायचं असतं : वाचन, संगीत, प्रवास. मी खाली एक ओळ वाढवली होती, 'कोड लिहिता लिहिता माळवदावर झोप लागते'. आईनं ती खोडली. स्कीमामध्ये ह्याला 'जादा रकान्यांना मनाई' म्हणतात. 'अपेक्षा' ह्या रकान्यापुढं मात्र 'अनुरूप' असं लिहिलंय. म्हणजे काय ते तपासता येईल असा नियम जेसनच्या स्कीमात नाही.

आधीच भरलेल्या उत्तराचा कळस म्हणजे १ जून. आमच्या गावात तात्यांचा वाढदिवस १ जूनला, त्यांच्या धाकट्या भावाचा १ जूनला, समोरच्या मामांचा १ जूनला. दोन्ही घरच्या आयांनी एकाच तारखेला वेळ साधली असं नाही. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराला दाखल करायला आणलेल्या बापाला जन्मतारीख ठाऊक नसायची, आणि गुरुजींकडं वेळ नसायचा. जेसनच्या स्कीमात हे आधीचं उत्तर फक्त सूचना असते. एडिटर ते पुढं करतो, घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. गुरुजींनी पुढं केलं आणि घेऊनही टाकलं. सबंध महाराष्ट्राची एक पिढी त्यामुळं एकाच दिवशी निवृत्त होत आलीय.

अशा तऱ्हेनं माझा नमुना तयार झाला आणि मी तात्यांना तपासायला बसवलं. पिनकोडचा रकाना होता. देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला. सहा आकडे, पहिला शून्य नाही. तसा साचा मी मोठ्या तोऱ्यात लिहिला होता. तात्यांनी त्यात स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. एडिटरनं तो मुकाट्यानं घेतला.

"दहा आकडे घेतले की ह्यानं."

मी बघत राहिलो. जेसनच्या स्कीमातला साचा मजकुरात कुठंही बसला, तरी त्याला पसंत असतो. दहा आकड्यांच्या पोटात सहा आकडे सापडले, हा खूश. सुरुवात इथून आणि शेवट इथं, अशा दोन खुणा आपण स्वतः घालायच्या असतात. मी त्या घातल्या नव्हत्या.

"आरं, कुंपण दोन्ही अंगानं लागतं," तात्या म्हणाले. "नुसती मधी राखण ठेवून काय उपेग? ढोरं कडंनं शिरत्यात."

मी दोन्ही अंगांनी कुंपण घातलं. तात्यांनी मग पिनकोड मराठी आकड्यांत लिहिला. एडिटर तांबडा झाला. "का? हे आकडे न्हाईत?" माझ्या साच्यात फक्त इंग्रजी शून्य ते नऊ होते. तेही दुरुस्त केलं. मग त्यांनी जिल्ह्याचा रकाना उघडला आणि खरं रामायण सुरू झालं.

आमच्या जिल्ह्याचं नाव हैदराबादच्या शेवटच्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानाच्या नावावरून उस्मानाबाद होतं. २०२३ साली ते धाराशिव झालं. माझ्या यादीत जुनंच नाव होतं. तात्या म्हणाले, "बदल." बदललं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन : एका गिऱ्हाइकाच्या जुन्या सगळ्या नोंदी रातोरात तांबड्या झाल्यात. बिचाऱ्यानं काही केलं नव्हतं. त्याचा जिल्हा खालच्या खाली सरकला होता. परत जुनं घातलं, तर नवं लिहिणारे चिडले. तिकडं औरंगाबादही बदललं होतंच, आणि 'छत्रपती संभाजीनगर' वाचताना दहा अक्षरांचं असलं तरी काना-मात्रा, अनुस्वार सुटे मोजणाऱ्या संगणकाच्या हिशेबी ते सतरा भरतं. माझ्या रकान्याची मर्यादा पंधरा. नगरचं अहिल्यानगर व्हायचं तेव्हा बाकी होतं.

तोडगा आजीनं काढला, तिला न कळता. ती ओसरीवर बसून कुणाला तरी सांगत होती, "उस्मानाबादला न्यायचं म्हणत्यात डोळे दाखवायला." धाकटा पुतण्या ओरडला, "आज्जी, धाराशिव!" आजी म्हणाली, "तेच की." आणि पुढच्या वाक्यात पुन्हा उस्मानाबाद. कुणी तिला अडवलं नाही, गाडीही बरोबर जागी पोचली.

मी वर जाऊन नमुना बदलला. सुचवताना फक्त धाराशिव सुचवायचं. कुणाचं आधीचं उस्मानाबाद असेल, तर ते मान्य करायचं आणि फार तर त्यावर एक फिकी रेघ मारायची. जेसनच्या स्कीमात २०१९पासून ह्यासाठी वेगळा शब्दच आहे. 'वापरात होतं, आता नको' अशा अर्थाचा. सुचवायचं नवं, चालवून घ्यायचं जुनं. तपासणारा आणि सुचवणारा एकाच चोपडीतून वाचतात खरे, पण दोघांनी एकाच आवाजात बोललं पाहिजे असं नाही, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आजीला ते माहीत असल्याचंही माहीत नव्हतं.

एक त्रुटी मात्र राहिली. १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात, राज्याच्या निर्णयाप्रमाणं, आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव येतं. बहिणीच्या मुलीचा दाखला आला, तेव्हा आईनं तो चष्मा लावून दोनदा वाचला. मी माझ्या नमुन्यात नावाचा रकाना त्याप्रमाणं वाढवत होतो, तो तिनं बघितला.

"तुझ्या नावात टाकून बघ की मला."

टाकलं. तारीख माझी, १९९४ची. जुन्यांसाठी तो रकाना मीच बंद ठेवला होता. एडिटरनं पाऊण सेकंद वाट बघितली आणि आईच्या नावाखाली तांबडी रेघ ओढली : 'हा रकाना नमुन्यात नाही'.

"न्हाई व्हयं," आई म्हणाली आणि भाकरी टाकायला गेली. तो संदेश मीच लिहिलेला होता, व्याकरणदृष्ट्या निर्दोष होता. त्या रात्री मी तो रकाना सगळ्यांसाठी उघडला. साहेबांनी कारण विचारलं, तर 'जुन्या नोंदींशी सुसंगती' असं लिहून दिलं.

काम संपवून द्यायची तारीख नेमकी कोजागरीला आली. त्या रात्री सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्या माणसांनी रस्ता भरून जातो. गाड्या दुसरीकडून वळवतात. टोलनाक्याच्या दांडीला त्या रात्री चालत्या माणसांपुढं काहीच काम नसतं. त्या गर्दीत कोण कुठल्या गल्लीचा, कुणाचा वाढदिवस १ जूनचा, काही कळत नाही. मी माळवदावर लॅपटॉप उघडून बसलो होतो. शेवटची चाचणी : पान उघडायचं, दोन अक्षरं टाकायची, पुढचं आपोआप सुचतंय का बघायचं. पण अख्ख्या रस्त्याचे मोबाइल त्या एका मनोऱ्याला लटकलेले. पान उघडेना. मधोमध एक गोल चकली फिरत राहिली.

खाली रस्त्यावर कुणीतरी दमल्या गळ्यानं हाळी दिली, "आई राजा..."

त्याचा श्वास संपायच्या आत अंधारातल्या पार टोकापर्यंत उत्तर गेलं, "उदो उदो!"

माझी चकली फिरतच होती. पाणी वाटत उभ्या असलेल्या तात्यांनी खालून मान वर केली.

"आलं का रं तुझं?"

"यायलंय, तात्या."

"बस मग. आमचं टोलनाक्याच्या पुढं गेलं बी."